न फुटलेलं मडकं

बा, आर्वीच्या रस्त्यावरच्या कारखान्याला मी तुझं नाव दिलं, पण त्या पाटीखालून जाताना अजून मान वर होत नाही. तू चाकावर कवेलू काढायचास. माकडांनी छपरावर उड्या मारून ते फोडले की लोक पुन्हा तुझ्याच दारात यायचे. मी साचा आणला, उंच धुराड्याची भट्टी बांधली. नव्या शाळांवर, कापसाच्या गोदामांवर माझे लाल कवेलू चढले. माकडं नाचली तरी फुटत नाहीत, असं मी बाजारात छाती फुगवून सांगायचो. तू ऐकून घ्यायचास आणि कारखान्यामागे आपला जुना आवा पेटवायचास, कारण गावात कोणी गेलं की मयताचं मडकं आपल्याच घरून जायचं.

तू अंथरुणाला खिळलास आणि आवा विझला. गावाची अडचण नको म्हणून मी तशी मडकी घडवून घेतली आणि कवेलूंच्या भट्टीतच भाजली. मोठ्या कौतुकाने एक तुझ्या उशाशी आणून ठेवलं. तू नखाने वाजवून पाहिलंस. म्हणालास, "आवाज चांगला हाय. पण हे मयताले देऊ नको. मयताचं मडकं कच्चंच भाजा लागते." मी हसलो. आजारी माणूस आपलंच जुनं धरून बसतो, असं आईला म्हणालो, तेही तुला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आणि मग त्यातलंच एक मडकं खांद्यावर घेऊन मी तुझ्या चितेभोवती फिरतो आहे. काका मागून दगडाने भोक पाडू पाहतात. मडकं नुसतं टणटण वाजतं, पाणी काही गळत नाही. सारा गाव बघतो आहे. शेवटी मी ते खांद्यावरून मागे टाकतो. मागे वळून पाहायचं नसतं, म्हणून फुटल्याचा आवाज ऐकायला थांबतो. तो येतच नाही. मडकं गडगडत जातं, कोणीतरी हसू दाबतं. काका जवळ येऊन हळूच विचारतात, "कारखान्यातलं आणलं का रे?" मी होकारार्थी मान हलवतो. "त्यानं सांगतलं नोतं काय तुले?" एवढंच बोलून ते मोठा धोंडा उचलतात. पाठमोरा उभा राहून मी एकेक घाव ऐकत राहतो.

पुढे मी आवा पुन्हा पेटवला. मयताची मडकी मीच भाजतो, तुझ्यासारखी आव्याच्या कडेला, कमी आचेत ठेवून, कच्ची. पोराने बापाची रीत राखली, असं लोक म्हणतात आणि मी म्हणू देतो. हे पत्र कुठल्याच टपालात पडायचं नाही, म्हणून लिहितो. मागे मडकं न फुटता गडगडलं ना बा, तेव्हा लाज वाटायच्या आधी, अगदी क्षणभर, माझ्या मनात आलं होतं की आपला माल पक्का आहे.