बोळाबाहेर निघालेली खोली

अप्पा, तुमची खोली आज पन्हाळ्यावर उभी आहे. तुम्हीच केलेल्या घडीच्या टेबलावर वही ठेवून मी हे लिहितेय. दारात पाय खाली सोडून आई बशीतून चहा पितेय.

तुम्ही उद्यमनगरात टेम्पोच्या बॉड्या बांधायचात. एकदा इथे शूटिंगला आलेल्या चाकांवरच्या खोलीचं दार बसेना, म्हणून तुम्हाला बोलावलं. घरी आलात ते बोलतच. आत पलंग, आत ओटा, पुढं जीप लावली की घर चाललं! कारखान्यात मालक जागा देईना, म्हणून मंगळवार पेठेतल्या आपल्या परसात तुम्ही तशीच खोली बांधायला घेतलीत. दोन वर्षं, प्रत्येक रविवारी. मी आत बसून रिव्हेटमागं लोखंडी ठोकळा धरायचे, तुम्ही बाहेरून हातोडा मारायचात. ठोकळा जरा हलला की पत्र्यापलीकडून आवाज यायचा, "लक्ष कुठं हाय?"

आणि ती पुरी झालेली खोली बोळात अडकली. खाली जागा होती, पण वर शेजाऱ्यांचा सज्जा वीतभर आड आला. ढकलायला जमलेली गल्ली हसत सुटली. समोरचे काका ओरडले, "मिस्त्री, गाडी सुटायच्या आधी सांगा, डबा बांधून आणतो!" तुम्ही टोपी काढून वर बघत राहिलात आणि एवढंच म्हणालात, "माप चुकलं माझं." कापून बारीक करा म्हणणाऱ्यांचं तुम्ही ऐकलं नाहीत. खोली परत परसात गेली, आणि तिची किल्ली तुम्ही माझ्या हातात दिलीत. "अभ्यासाला बस." दहावी, बारावी, माझी पहिली कथा, सगळं त्या न हलणाऱ्या गाडीत झालं. गल्ली मात्र तुम्ही गेल्यावरही मिस्त्रीच्या चुकलेल्या मापाची गोष्ट सांगत राहिली.

माप तुमचं चुकलं नव्हतं. काम सुरू करायच्या आधी, खालचं माप घेऊन झाल्यावर, तुम्ही मला सज्ज्याजवळचं माप घ्यायला सांगून कारखान्यात गेला होतात. मी शिडी लावली. वर गांधीलमाश्यांचं पोळं होतं. मी चढलेच नाही. खालचाच आकडा वरचा म्हणून पाटीवर लिहिला, आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. हे मी कुणालाच सांगितलं नाही, तुम्ही असताना तुम्हालाही नाही.

या वर्षी शेजाऱ्यांनी घर पाडलं. तिथं हद्दीपर्यंत नवी इमारत येणार. ठेकेदार म्हणाला, "ताई, पाडव्यानंतर खड्डं काढणार. मग तुमच्या परसातनं सायकल निघंल, ही न्हाय." म्हणजे हातात सात आठवडे. नवऱ्यानं टायर आणि बेअरिंगं बदलली, लेकीनं कुजलेली जमीन उपसून नवं प्लायवूड बसवलं. गळणारं छप्पर मी घेतलं. आतून ठोकळा धरायला माणूस मिळेना, तर आई पदर खोचून आत शिरली. पहिला फटका माझा वाकडा पडला, तशी पत्र्यापलीकडून आई ओरडली, "मी धरलंय की नीट! तुजं लक्ष कुठं हाय?" मी बाहेर हातोडा घेऊन हसत होते, रडतही होते.

पाडव्याच्या आदल्या रविवारी कोडोलीचा मामेभाऊ जीप घेऊन आला. गल्ली पुन्हा जमली. एका बाजूला पडक्या विटा, दुसऱ्या बाजूला काकांच्या घराचे पुढं आलेले पत्रे. खोली इंचाइंचानं सरकली, पत्र्यांखाली आली, थांबली, पुन्हा सरकली. चार बोटं जागा राहिली, अप्पा! शिट्ट्या वाजल्या. तेवढ्यात काका काठी टेकत आले, हातात खरोखरच डबा. "मिस्त्रीला सबूद दिलता न्हवं? घ्या! ह्या टायमाला माप जमलं म्हणायचं."

मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "काका, तेव्हाचं माप माझं होतं. अप्पांचं नव्हतं. पोळ्याला भिऊन मी वर चढलेच नव्हते."

आई खोलीच्या खिडकीतून डोकं काढून म्हणाली, "त्यांस्नी ठाव हुतं. गाडी अडकली तवाच त्यांनी वर पोळं बघितलं. घरात येऊन मला म्हणले, असल्या जागी पोरीला धाडली, माप चुकलं ते माजंच." मग भावाकडं वळून, "बघतोयस काय? चालव की!"

पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबिळाच्या चढाला जीप घोंघावली, पण थांबली नाही. वळणावर वडापच्या जीपचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "पावणं, घर घिऊनच निघाला व्हय?" लेकीनं मान बाहेर काढून उत्तर दिलं, "माझ्या आज्ज्यानं बांधलंय!"

हे पत्र पाठवायचं कुठं? टेबलाखालच्या खणात ठेवते, म्हणजे तुमच्याच खोलीत राहील. एक मात्र सांगायचं राहिलं. या वेळी काकांच्या पत्र्यांचं माप घ्यायला शिडीवर तुमची लेक नव्हे, तुमची नात चढली होती. पोळं नव्हतं तिथं, मी आधी तीनदा बघितलं. तरी मी खाली शिडी घट्ट धरून उभी होते, डोळे मिटून.