दादाचा दात

आई, आधी खुर्चीवर बस. स्वयंपाकघरात रक्त आहे ते दादाचं, आणि तो शुद्धीवर आहे. मी त्याला कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे नेतेय.

उद्या सकाळी सामन्याआधी आम्हा बॉक्सरांची वजनं होणार. तोवर मी काही खायला गेले तर अडव, रडले तरी ऐकू नकोस, असं मीच दादाला बजावलं होतं. आणि तू पोरीची दया येऊन वॉशिंग मशीनमध्ये, चादरीखाली केकचा डबा लपवलास. सकाळपासून लिंबाच्या साली चघळतेय मी, आई. मला झाकणातून वास आला.

दादाने डबा हातातून हिसकावला. माझं डोकंच फिरलं. सरावात मारते तसं नाही मारलं, ग्लोव्हजशिवाय, नुसत्या मुठीने मारलं. तो खाली बसला तरी आणखी एक ठेवून दिली. फ्रिजच्या दाराला पोचा आलाय तो त्याच्या डोक्याचा. तोंडातून रक्त गळत असताना म्हणतो, "मारताना डावा हात अजून खाली येतोय तुझा."

पुढचा दात मुळासकट पडलाय. डॉक्टर फोनवर म्हणाले, दुधात घालून लगेच आणलात तर परत बसवता येईल. मला सापडत नाहीये. ओट्याखाली, फ्रिजमागे बघ.

केक फरशीवर कुस्करला होता. दादा रक्त थुंकत होता तेव्हा मी तो दोन्ही हातांनी खाल्ला, न बघता, न चावता. तेव्हा फ्रिजमागे दात नसला, तर फार शोधत बसू नकोस.