दिसत नाही तिथली वाफ

प्रिय तात्सुरो,

रविवारी फोनवर तू विचारलंस, आई, आवाज का बसलाय, आणि मी सर्दी म्हणाले. सर्दी-बिर्दी काही नव्हती. सकाळी दोन तास गल्लीबोळांतून तुझ्या बाबांना हाका मारत हिंडत होते. सापडले ते खालच्या सार्वजनिक न्हाणीघराच्या पायरीवर, हातात थर्मामीटर. मला बघून म्हणाले, "बाई, अंगणात नरक असलेलं एक घर होतं इथं, पाहिलंत का?" सत्तेचाळीस वर्षं संसार करून मी बाई झाले. म्हटलं, पाहिलंय, चला दाखवते. मागोमाग आले.

तुला हे आजवर कळवलं नाही. बाबांचं नाव निघालं की तू हवापाण्यावर येतोस, मग मीही येते. पण आता धीर धरवत नाही रे. डॉक्टर म्हणतात, हिवाळ्यात कुणाला ओळखतील याची खात्री नाही. मला अधूनमधून विसरतात, तुला अजून विसरलेले नाहीत. सहा वर्षं तू त्यांच्याशी बोलला नाहीस, हेही विसरलेले नाहीत. बाकी सगळं धुऊन गेलं आणि नेमकं तेवढं राहिलं.

गाव तसंच आहे. गटारांच्या जाळ्यांतून वाफ निघते, पाहुणे तिच्यात उभे राहून फोटो काढतात. आपल्या अंगणातल्या नरकावर, जमिनीतल्या वाफेच्या त्या चुलीवर, अजून अंडी, कोबी, रताळी उकडतात. पाइपात साठणारा क्षारांचा पांढरा दगड फोडायला मात्र आता माणूस बोलवावा लागतो. बाबा पाइपाला कान लावून सांगायचे, कुठे अडलंय ते. परवा तो माणूस काम करत होता तेव्हा बाबा शेजारी उभे राहून त्याला विचारत होते, "हे काय असतं हो?" मी आत जाऊन तांदूळ धूत बसले, धुतलेलेच पुन्हा.

तू पहिलीत असताना बाबांनी तुला पाइपाच्या तोंडापाशी उभं केलं होतं, आठवतं? "पांढरं दिसतं ती वाफ नव्हे रे राजा. ते तिचं पुन्हा झालेलं पाणी. वाफ इथं आहे, तोंडाजवळ, जिथं तुला काहीच दिसत नाही." त्या रिकाम्या जागेत त्यांनी पालकाचं पान धरलं आणि डोळ्यांदेखत त्याची मान पडली. तू कसला गप्प बसतोस! म्हणालास, उकळतं पाणीही शंभर, वाफही शंभर, मग वाफेलाच का भ्यायचं? बाबा असे खूश झाले की आठवडाभर शेजाऱ्यांना सांगत सुटले. तुला म्हणाले, "वाफ होताना पाणी जी उष्णता पोटात घेतं, ती थर्मामीटरला कळत नाही. गार कातडी लागली की वाफेचं पाणी होतं आणि ती सगळी तिथंच टाकते."

आणि ती लाल पाटी. वाफेचा व्हॉल्व्ह उघडणाऱ्याने चुलीच्या झाकणाला पाटी अडकवायची, बंद करणाऱ्यानेच ती काढायची, पाटी दिसली की झाकणाला हात नाही. यावरून त्यांनी चांगल्या चांगल्या पाहुण्यांना झापलंय. म्हणून तर पितरांच्या सणाला ते घडलं तेव्हा तू ओरडलास, "चाळीस वर्षं जगाला पाटी शिकवलीत, आणि माझ्या पोरीच्या वेळेला विसरलात?" ते मान खाली घालून म्हणाले, "व्हॉल्व्ह मीच उघडा ठेवला." कोहारू आठ वर्षांची होती. मानेपासून कोपरापर्यंत भाजली. तुझी आयानो सांगत होती, पोर अजून भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालते.

आता रोज सकाळी बाबा नरकापुढे गुडघे टेकतात आणि जमिनीला कपाळ लावून म्हणतात, "मी पोरीला भाजलं." जेवले की नाही ते आठवत नाही, हे आठवतं. मंगळवारी त्यांनी पाइपाच्या तोंडाशी हात धरला, त्या न दिसणाऱ्या जागेत. मी ओढलं म्हणून तीन बोटांवर निभावलं. असं का केलंत म्हणून मी किंचाळले, तर शांतपणे म्हणाले, "तिला किती लागलं असेल ते बघत होतो." पुढच्या वेळी मी तिथं नसले तर काय करू, तात्सुरो?

ऐक. ते त्यांनी केलं नव्हतं. मी केलं. रताळी उकडायला व्हॉल्व्ह मी उघडला आणि दहा मिनिटांसाठी कसली पाटी, म्हणून ती खिळ्यालाच राहू दिली. मग आयानोशी गप्पांत रमले, व्हॉल्व्ह विसरलेच. "आजी, अंडं काढू?" असं कोहारूने विचारलं तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. ऑगस्टचं कडक ऊन, झाकणाच्या फटींवर पांढरं काही दिसेना. थंडीत पांढरं दिसलं असतं, फसले नसते. म्हटलं, जा, काढ. आजीने पाठवलं हे कोहारूने तुला सांगितलंही, पण तू उलट माझीच समजूत घातलीस, पाटी नव्हती, तुला कसं कळणार. त्याच रात्री बाबा मला म्हणाले, "त्याला राग धरायला कुणीतरी लागेल आणि फोन करायलाही कुणीतरी लागेल. राग माझ्याकडे राहू दे, फोन तुझ्याकडे." मी भित्री, लगेच घेतला. सहा वर्षं तुझा दर रविवार मी चोरून खाल्ला. आणि आता ते आपलं खोटंच खरं मानून बसलेत. मी रोज सांगते, अहो, मी केलं, मी. तर माझ्या पाठीवर हात फिरवतात, "तू कशाला माझ्यासाठी अंगावर घेतेस?" माझं ऐकत नाहीत. तुझंच ऐकतील. सगळा राग मला दे, फोन बंद कर, मी तक्रार करणार नाही. पण ते तुला ओळखतात तोवर ये, आणि तुझ्या तोंडाने एकदा सांग, बाबा, ते तुम्ही केलं नव्हतं.

तू अजून म्हणू दिलंस तर,
तुझीच आई
मात्सुए