वावरात पाय न ठेवता

शनिवार, ता. १८ जानेवारी २०२५
गोरेगाव

चिरंजीव परमेश्वरास आईचा आशीर्वाद. रीत हाय म्हणून लिवला, राग तसाच हाय.

चार दिवस झाले, तू माझ्या डोक्यावर तारेला लोंबकळून राहिला अन् खाली हरभऱ्यात माय उभी हाय, ती तुला दिसत न्हाई? शेजारच्या रुख्मिणीबाईच्या वावरातल्या टॉवरवर चढतो, तारेवरच्या त्या पाळण्यात बसून आपल्या हरभऱ्यावरून सरकत जातो, अन् उतरतो पार वढ्याच्या पल्याड. आपल्या वावरातल्या टॉवरवर दुसऱ्यालाच चढवतो. मी तुमच्या मुकादमाला, नेमसिंगला इचारलं, असं काहून? तर तो हसून राहिला. म्हणला, "माँजी, आपने खेत में पाँव रखने को मना किया है ना, इसलिए ऊपर से जाता है."

सगळ्या गँगला ठाऊक. आमालाच न्हाई.

व्हय, म्हणलं होतं. दोन वर्साखाली मेंढरं सोडून तू या कामाला निघाला, तवा म्हणलं होतं. पण माणूस रागात बोलतं ते इतकं बराबर पाळायचं असतं का? लहानपणी दूध पी म्हणलेलं कधी पाळलं न्हाई.

घरी समदं बरं हाय. काळी शेळी व्याली, जुळं झालं. माझी मान दुखून राहिली, थंडीनं असंल. तुझे बाबा रोज बांधावरून वर हात हालवतात, अन् तूबी हालवतो म्हणे. मी काय पाहात न्हाई.

पण काल दुपारी तुझ्या कमरेला दोन पट्टे होते अन् तू एकच अडकवला. तार टांगायच्या त्या चिनी मातीच्या बशा काढायला वाकला, तवा दुसरा नुसता लोंबत होता. माझ्या हातातलं खुरपं गळून पायावर पडलं. लागलं न्हाई. थोडं लागलं. मेंढराचं मी नुसतं नाव पुढं केलं होतं, लेकरा. मेंढरं तुझे बाबाबी राखतात.

नेमसिंग म्हणते, जुनी तार जाऊन ही नवी आली की त्याच टॉवरवरून दुप्पट करंट जाईल. गुरुवारी लाईन चालू होणार अन् तुमची गँग वाशिमकडं जाणार. मंग मी कुठं मान वर करू?

ही चिठ्ठी भाकरीच्या फडक्यात बांधली हाय. रोज दोरीनं तुझ्याकडं वर जाते ती भाकर अन् ठेचा कोणाच्या घरचा, ते तुला पहिल्याच घासाला कळलं असंल. कळलं नसंल तर तू माझा न्हाईच.

बुधवारी दुपारपर्यंत मला जवाब पाहिजे. कागद नको, फोन नको. आपल्या टॉवरवरून खाली उतर अन् वावरात पाय ठेव. हरभरा तुडवला तरी चालंल.

उतरताना दोन्ही पट्टे लाव.

खाली उभी असलेली,
तुझी माय
सत्यभामा