तीन पानं फाडलीस की आई येते

॥ श्री ॥

मुलुंड, ४ जानेवारी १९८४

ती. मृणालवन्सं यांस,
नीलाचा स. न. वि. वि.

३१ तारखेला ह्यांचा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ आणि साहेबांचं भाषण, ज्यात तुमचे दादा दोनदा विद्याधरचे विद्यासागर झाले. वर कंपनीने जे दिलं, त्यावरून आमच्याकडे चार दिवस अबोला आहे. म्हणून हे पत्र.

जहाज कंपनीत चौतीस वर्षं कागद रंगवले, पण हे एक रात्रसुद्धा बोटीवर झोपलेले नाहीत. आता दोघांचा पास मिळालाय. दोनांपैकी एक निवडायचं. मालाच्या बोटीवर पाहुण्यांची केबिन असते, तिच्यातून कोचीन, मद्रास, कलकत्ता करून परत, अठरा दिवस. नाहीतर भाऊच्या धक्क्यावरून पणजीला जाऊन यायच्या लागोपाठ चार फेऱ्या, महिन्याला एक. गुरुवारी निघायचं, रविवारी घरी. मेअखेर बोटी बंद होतात, त्याच्या आत पास संपवायचा.

ह्यांना अठरा दिवसांची हवी. म्हणतात, चारही बाजूंना पाणीच दिसलं पाहिजे, पणजीच्या वाटेवर किनारा सारखा डोकावत राहतो. मला चार फेऱ्या बऱ्या वाटतात. कारण तुम्ही ओळखलंच असेल.

शकू वयाने सव्वीस, समजेने सहा वर्षांची. तिला सोडून मी आजवर एक रात्र बाहेर काढलेली नाही. वेणी माझ्याच हातची लागते. मी वाण्याकडे गेले तरी येईपर्यंत ती ग्रिल धरून उभी असते. राहिली तर ती तुमच्यापाशीच राहील, आणि राहील की नाही हेही मला माहीत नाही. मुलुंडला येऊन राहाल का?

बोरिवलीचं हो-नाही लवकर कळवा. रागावलात तरी लोभ आटू देऊ नका.

आपली,
नीला


बोरिवली, ९ जाने. ८४

ती. सौ. वहिनींस,
मृणालिनीचा सा. न. वि. वि.

येईन. शिल्लक रजा आहे, आणि वर्गात खडूच्या धुळीत शिंकण्यापेक्षा ती शकूबरोबर घालवलेली बरी. पण विचारताच आहात तर सांगते, लांबची बोट घ्या. दादाने काही मागितलं ही बातमीच आहे. जन्मभर ताटात पडेल ते खाणारा माणूस तो.

पोर अंगावरून तोडताना आई चार दिवस दुसऱ्या घरी जाऊन राहते, ते उगाच नाही. पोर दोन दिवस रडतं, तिसऱ्या दिवशी वाटीने पितं. तुम्ही चारदा जाणार, चारदा येणार, म्हणजे चारदा रडवणार. अठरा दिवसांत शकूची माझी गाठ तरी पक्की बसेल.

आणि दुसरं. तुम्ही छप्पन्न, दादा अठ्ठावन्न, मी चोपन्न, शकू सव्वीस. हे आकडे एकदा एकाखाली एक लिहून बघा. पुढेमागे शकू माझ्याकडे राहील, असं मी गेल्या गणपतीत म्हटलं होतं. तेव्हा तुम्ही साबुदाणा भिजत घालायला उठलात. साबुदाणा दुसऱ्या दिवशी डब्यात तसाच कोरडा होता, मी पाहिला.

फटकळ आहे, पण तुमचीच आहे. लोभाचं काय करायचं ते तुम्ही ठरवा.

आपली,
मृणालिनी


मुलुंड, १५ जानेवारी ८४

ती. मृणालवन्सं यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं, साबुदाण्यासकट. हे हसले. मग पासचा फॉर्म पुढे ओढून चार फेऱ्यांवर स्वतःच खूण केली आणि टाकायला गेले. भांडले असते तर मला सोपं गेलं असतं.

तुमचं चुकलं असं म्हणत नाही. पण अठरा दिवस हा आकडा मनात आला की मीच ग्रिल धरून उभी राहते. आधी चार दिवस जमतंय का बघू. पुढचं पुढे.

आता शकूचं. भात मऊ, ताक आंबट नको. कपड्यांच्या घड्या ती स्वतः घालते, त्या मोडू नका. देवघराशेजारी रोज एक पान फाडायचं कॅलेंडर आहे. ते पान रोज सकाळी तीच फाडते, दुसऱ्याने हात लावलेला चालत नाही. तिला मी समजावलंय की तीन पानं फाडलीस की आई येते. शुक्र, शनि, रवि. तिला तीन नीट मोजता येतात.

गुरुवारी १९ ला निघतो. आदल्या दिवशीच या. माया राहू दे, तिच्यावर जरा जास्त.

आपली,
नीला


बोरिवली, २४ जाने. ८४

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

रविवारी शकू तुम्हाला बिलगली आणि मी म्हटलं, सगळं ठीक झालं. ते पुरतं खरं नव्हतं. तोंडावर सांगवेना, म्हणून लिहिते.

गुरुवारी तुमची टॅक्सी वळली आणि मी चहा टाकायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर शकूने तिन्ही पानं फाडली होती, कडेला कड लावून नीट एकावर एक ठेवली होती. भिंतीवर रविवार. मग तिने दार सताड उघडलं आणि उंबऱ्यावर जाऊन बसली.

आता तिचं काय चुकलं, सांगा. तुम्ही तीन पानं म्हणालात, तिने फाडली. आता तुम्ही यायचं. मी समजावलं, रागावले, शेवटी शेजारी जाऊन बसले. दिवे लागले तरी दार लावू देईना. समोरच्या सोनूबाईंनी दोनदा विचारलं, कुणी यायचंय का. पोहेही आम्ही दोघींनी उंबऱ्यावरच खाल्ले. रडली नाही. रडली असती तर मला काही सुचलं असतं.

शुक्रवारी सकाळी मी कणकेची खळ करून तिन्ही पानं परत चिकटवली आणि एकच फाडायचं, एकदम नाही, असं तिच्या हाताला हात लावून शिकवलं. खळीच्या ओलीने कॅलेंडर केवढं फुगलंय, वहिनी, तुमच्या लक्षात कसं आलं नाही?

माझा तोंडपाटीलकीचा आवाज जरा खाली आलाय. अठरा पानं तिने तशीच एका दमात फाडली असती आणि मी सतरा दिवस उंबऱ्यावर काढले असते. फॉर्मपुरतं तुमचं बरोबर होतं. साबुदाण्यापुरतं माझं. फेब्रुवारीत येतेच आहे.

कबुलीजबाब दिलाय, तेव्हा लोभात सूट मिळावी.

आपली,
मृणालिनी


मुलुंड, २८ मार्च ८४

ती. मृणालवन्सं यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र आधी दोनदा लिहून फाडलं. आज टाकतेच.

ह्यांच्या तीन फेऱ्या झकास झाल्या. डेकवरच्या अर्ध्या लोकांची गावं ह्यांना पाठ आहेत. या फेरीत एका सकाळी धुकं पडलं, किनारा दिसेनासा झाला, तर दहा मिनिटं चारही बाजूंना पाणीच पाणी. हे कठडा धरून लहान मुलासारखे उभे. मला हाक मारली. मी गेले नाही, कारण मुलुंडला आता शकूने पान फाडलं असेल का, हे मी मोजत होते. तीन फेऱ्यांत मी समुद्र पाहिला असेल तर तेवढ्यापुरता, घड्याळातून मान वर केली की.

रविवारी आलो. दार बंद होतं. मला बेल वाजवावी लागली. शकूने दार उघडलं, माझ्या हातातून काजूची पिशवी घेतली आणि तुमच्याशेजारी बसून बिरड्याचे वाल सोलायला लागली. भिंतीवर गुरुवार होता. एकही पान फाडलेलं नव्हतं. तुम्ही हळूच म्हणालात, तिला आठवणच झाली नाही.

मला आनंद व्हायला हवा होता, वन्सं. याच्यासाठीच तर सगळं केलं. मला राग आला. तुमचा आला, तिचा आला. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. म्हणून तुम्हाला चहासुद्धा न विचारता निघू दिलं. सव्वीस वर्षं मला वाटत होतं की माझ्याशिवाय तिचं होणार नाही. आता कळतंय, मला तसं वाटायला हवं होतं.

चौथ्या फेरीचं मन नाही. माझ्या रागासकट मला सांभाळून घ्या.

आपली,
नीला


बोरिवली, ३ एप्रिल ८४

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

चहाचं मनाला लावून घेऊ नका, स्टेशनवर प्यायले. नळाचा आवाज मी ऐकला होता. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. नाहीतर मी तुमची शकू चोरली, असं मलाच वाटत राहिलं असतं.

एक खरं सांगते. त्या वेळी शकूला गुरुवारी, शुक्रवारी तुमची आठवण झालीच नाही असं नाही. झोपताना आई कुठे, विचारलं. बोटीवर म्हटलं, तर मान हलवून झोपली. तुम्ही परत येता, हे आता तिला कॅलेंडर न बघता ठाऊक आहे. हे माझं काम नाही. तुम्ही तीनदा गेलात आणि तीनदा आलात, म्हणून झालं. मी सांगितलेली लांबची बोट घेतली असतीत तर हे झालं नसतं. लिहून देते, जपून ठेवा, माझ्याकडून पुन्हा मिळणार नाही.

आता माझं मागणं. चौथी फेरी सोडून द्या. मे महिन्यात शाळेला सुट्टी आहे. १ तारखेला शकूला माझ्याकडे बोरिवलीला पाठवा, १९ ला परत. बरोबर अठरा दिवस. तुम्ही दोघांनी कुठेही जायचं नाही, घरी राहायचं. लांबच्या बोटीने तिला जाऊ दे, वहिनी. तिचंही सामान कधीतरी बांधायला हवं, आणि ते तुमच्या हातांनी बांधलेलं बरं.

साबुदाणा भिजत घालू नका. दोन ओळींत हो म्हणा. लोभ मी गृहीत धरलाय.

आपली,
मृणालिनी


मुलुंड, २ मे ८४

ती. मृणालवन्सं यांस,
स. न. वि. वि.

काल हे शकूला सोडून आले. म्हणाले, तिने तुमच्या कपाटातला एक कप्पा लगेच रिकामा करून घेतला आणि घड्या लावून टाकल्या. हे परत निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली का, असं मी विचारलं नाही. ह्यांनीही सांगितलं नाही.

सामान मीच बांधलं. कॅलेंडर घ्यायचं का म्हणून विचारलं, तर ती नको म्हणाली. मला भिंतीपाशी नेलं, माझा हात पानावर ठेवला आणि बजावलं की रोज सकाळी एकच फाडायचं, एकदम नाही. तुम्ही शिकवलंत तसंच, हाताला हात लावून. मी हो म्हटलं.

ह्यांना काल मी म्हटलं, तुमची कलकत्त्याची बोट माझ्यामुळे गेली. हे म्हणाले, धुक्यातली दहा मिनिटं मिळाली, पुरे झाली. पुरे झाली नाहीत, हे मला कळतं. पण माणूस असं म्हणतो तेव्हा ते घ्यावं.

आज सकाळी आंघोळ करून देवापुढे दिवा लावला. वेणी घालायला कुणी नव्हतं. भिंतीपाशी गेले, एक पान फाडलं. मग दुसरं. हे चहाचा कप घेऊन मागे उभे होते, मला ठाऊक नव्हतं. अठराही पानं फाडून झाली तेव्हा भिंतीवर १९ तारीख आली. ती पानं मी कडेला कड लावून देवघरात ठेवली.

ह्यांनी कप खाली ठेवला आणि जाऊन दार सताड उघडलं.

शकूला सांगू नका. तिला सांगा, आई रोज एकच फाडते.

आपली,
नीला