एक्स-सात म्हणजे फॅट

लिहून ठेवणार अमृत राधाकृष्ण येळवंडे, वय २३, राहणार सोनई, तालुका नेवासा. डोकं ठिकाणावर आहे, ताप उतरला आहे आणि मरायची मला अजिबात घाई नाही. पण मागच्या महिन्यात डेंग्यूने पडलो, तेव्हा दूध संघाचे आप्पासाहेब खाटेशी येऊन म्हणाले, "आरं, तू गेलास तर आमच्या दुधाचं कोन बघनार? लिहून ठिव की कायतरी." तब्येत विचारली नाही. म्हणून हे मृत्युपत्र.

१. वडिलोपार्जित जमिनीतला माझा हिस्सा आई गोजरबाई हिला. मोटरसायकल मित्र अजिनाथला, ब्रेक त्यानेच घालवलेत, त्यानेच बघावेत.

२. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी ज्या सरांनी माझी वही वर्गात भिरकावली, त्यांना काही नाही. त्यांच्याशी भांडूनच कॉलेज सोडलं. वही दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हती, एवढं मात्र कबूल.

३. माझी खरी मिळकत म्हणजे एपीआय. बेचाळीस गावांच्या केंद्रांवरच्या दुधाची नोंद माझ्या सर्व्हरवर असते. एपीआय ही त्याची खिडकी : इतरांची ॲप तिथे प्रश्न विचारतात, उत्तर घेऊन जातात. प्रश्न विचारायचा कसा, हे मी मुद्दाम कुठेच लिहिलं नाही. दुधातल्या फॅटला फॅट न म्हणता एक्स-सात म्हटलं. तारीख उलटी टाका नाहीतर गाव चुकवा, उत्तर एकच : "चूक". कारण ॲप बनवायला पहिली आली ती घोडेगावची सृष्टी, आणि अडली की ती मला फोन करायची. मी म्हटलं, अडू दे.

सहा महिन्यांनी ती म्हणाली, "अमृत, तुला विचारल्याशिवाय तुझ्या कामात एक पाऊल टाकता येत नाही. तुझ्या घरात आले तर तिथेही हेच ना?" मी तिच्यावर ओरडलो. ती ॲप अर्धवट टाकून पुण्याला गेली. तिचा फोन थांबला, बाकीच्यांचे नाही. पुण्यात मलाही दोनदा नोकरी लागली. दोन्हीदा बॅग भरली आणि दोन्हीदा कुठल्यातरी गावची नोंद अडली. आप्पासाहेब म्हणतात, "तुझ्याबिगर पान हालत न्हाई." त्यांना ते कौतुक वाटतं. मला गळ्यातलं दावं वाटतं.

४. एपीआय दूध संघाला. चालवायचं चुलतबहीण मोनिकाने. लॅपटॉपही तिलाच. अटी : फॅटला फॅट म्हणावं. चूक कुठे झाली आणि सुधारायची कशी, ते उत्तरातच सांगावं. प्रत्येक प्रश्नाचा चालणारा नमुना द्यावा. जुनी पद्धत न कळवता बंद करू नये.

५. अटी लिहिता लिहिता सगळं तसं करूनही टाकलं, आठ दिवस लागले. म्हणून कलम चार मी जिवंत असतानाच, १ डिसेंबरपासून लागू. आप्पासाहेबांनी आडवं येऊ नये.

६. प्रश्न कसा विचारायचा, त्या माहितीची पानं परवा सृष्टीलाही पाठवली. काल तिच्या ॲपने सर्व्हरला सतरा प्रश्न विचारले. सतराही उत्तरं बरोबर गेली. फोन आला नाही.

सही : अमृत रा. येळवंडे
साक्षीदार : कानिफनाथ गडाख, झुंबरबाई शिंदे
सोनई, जि. अहिल्यानगर. १४ नोव्हेंबर २०२५