चंदूच्या तंबूसाठी कुकर

मुलुंड,
फाल्गुन, सन १९५५

प्रिय चंदू,

तुझं पत्र पोचलं आणि तेव्हापासून तुझी आई कोळशात हात काळे करून बसली आहे. तू लिहिलंस की कँपचं जेवण सोसत नाही, त्या रानात रॉकेल मिळत नाही, कोळसा मात्र हवा तेवढा मिळतो. तेव्हा बैलगाडीत बसेल, तंबूच्या कोपऱ्यात मावेल आणि तुझ्यासारख्या आळशालाही जमेल असं काहीतरी मी शोधावं. इथवर ठीक. पण खाली बारीक अक्षरात लिहिलंस, तसं काही नाही मिळालं तर मोजणीची नोकरी सोडतो, फोर्टातल्या एका कचेरीत जागा आहे, मे महिन्यात कायमचा घरी येतो. अरे, ज्या नोकरीसाठी देव पाण्यात घालून बसला होतास ती मूठभर भातासाठी सोडणार? मी ठरवलं, मुलगी बघतात तशी नीट पारखून शेगडी बघायची. खरी मुलगी तर तू बघू देत नाहीस, निदान ही हौस तरी फिटू दे.

पहिली बघितली आपली घरचीच बादलीची शेगडी, नवी माती लिंपून. आच अशी देते की भाकरी टम्म फुगते. पण तुझ्या गाडीत एक दणका बसला की माती सुटणार. हे मला कसं कळलं? जिना उतरताना ती हातातून निसटली आणि गडगडत खाली मार्तंडरावांच्या दारात जाऊन बसली. ते दार उघडून म्हणाले, "वहिनी, हाक मारली असतीत तरी आलो असतो." मी म्हटलं, हाकेला तुम्ही येत नाही, वासाला येता, म्हणून शेगडी पुढे पाठवली. मनावर घेतलं नाही त्यांनी. माणूस कुरकुऱ्या आहे, पण विनोद कळतो.

मग लवूकडून पत्र्याची घडीची शेगडी करून घेतली. तोच लवू, जो तुझी शाळेची पेटी सांधून द्यायचा. पाय मिटले की पाटीएवढी होते आणि वजनाला काहीच नाही. मी अगदी खूश झाले. तंबूत वारा येणार म्हणून ती गच्चीवर नेऊन पेटवली. वारा आला. ठिणग्या उडाल्या त्या नेमक्या मार्तंडरावांच्या वाळत घातलेल्या धोतरावर. मी धावले तर पाय लागून शेगडीचा एक पाय मिटला, वरची डाळ गच्चीभर झाली आणि उचलायला गेले तर दोन बोटं भाजली. धोतर मी रफू करून दिलंय. मार्तंडराव आता तेच नेसून मिरवतात, वहिनींनी नक्षी काढून दिली म्हणून सांगतात.

बोटांना मलम लावायला म्हणून कोपऱ्यावरच्या प्रसूतिगृहात गेले, तिथे ही कमळ भेटली. तू ओळखत नाहीस. नर्स आहे, वेसाव्याच्या कोळ्यांची पोर. कामाची पाळी संपली की घरी पोचेपर्यंत परत निघायची वेळ होते, म्हणून इथेच कुणाच्या तरी माळ्यावर पथारी टाकून राहते. बोटं बघून म्हणाली, "काकू, सून छळते वाटतं?" मी म्हटलं, सून अजून यायची आहे, हा मुलाचा पराक्रम. सगळी हकीकत ऐकून ती इतकी हसली की आतली बाळंतीण जागी झाली. आणि तिनंच सांगितलं, काकू, शेगडी कशाला बघता, डब्यांचा कुकर बघा, घाटकोपरला एका दुकानात ठेवलेला मी पाहिलाय.

चंदू, काय वस्तू आहे रे. दिसायला झाकणाचा उंच डबा. खाली कोळशाची वाटी, तिला भोकं. वर पाण्याचं भांडं, आणि त्यात एकावर एक तीन डबे, खाली डाळ, मध्ये भात, वर भाजी. निखारे फुलवून वाटीत ठेवायचे, झाकण आवळायचं आणि विसरायचं. फुंकायचं नाही, ढवळायचं नाही, कोळसा घालायचा नाही. वाफेवर सगळं आपोआप होतं आणि उतू काही जात नाही. दुकानदार मला आजी म्हणून मोठा पितळी गळ्यात मारायला बघत होता. काय चकाकत होता, मलाही मोह झाला. पण पितळेला कल्हई लागते, आणि तुझ्या रानात कल्हईवाला काय माकडं बोलावून आणणार? मी धाकटा घेतला, ॲल्युमिनियमचा, एका माणसाला पुरून पाहुण्याला उरेल एवढा. दुकानदाराला विचारलं, तुमच्या घरी स्वयंपाक ह्यावरच होतो का? तो म्हणाला, "बायको ऐकत नाही." तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

कारण घरी आणून पहिल्याच दिवशी भात कच्चा. दुसऱ्या दिवशी डाळ कच्ची. मी तुला लिहायलाही बसले होते की हाही बिनकामाचा. संध्याकाळी कमळ बोटं बघायला आली, तर मी तिच्यासमोरच बोलता बोलता उठले आणि झाकण उघडून आत बघितलं. मग थोड्या वेळानं परत. ती म्हणाली, "काकू, कुकर चांगला आहे. वाईट तुम्ही आहात. वाफ सगळी तुम्हीच घालवता." लाज वाटली, पण हात ऐकेचना. लग्न होऊन आले तेव्हापासून चूल पेटलेली आणि मी तिच्यापुढून उठलेली, असं झालंच नव्हतं. तुझे बाबा पाटावर बसले की पहिला घास गरम लागायचा. ते गेल्यावरही मी एकटीच्या भाताजवळ तशीच बसते, हे मला तोवर कळलंच नव्हतं.

रविवारी कमळनं निखारे ठेवले, झाकण आवळलं, दाराला कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली आणि माझा हात धरून चालायला लागली. मी रस्ताभर म्हणत होते, अगं आग लागेल. ती म्हणे, लागली तर मार्तंडराव ओरडतीलच. तिनं मला मागच्या टेकडीवर नेलं. इतकी वर्षं मुलुंडात काढली, ती टेकडी मी खिडकीतूनच बघितली होती. वर करवंदीला फुलं आली होती. तिथून आपली गच्ची दिसते, रे. एवढीशी. तू लिहितोस ना, डोंगरावरून दुर्बिणीतून नदी बघताना नकाशा आधी डोळ्यात उतरतो आणि मग कागदावर. ते मला तिथे थोडंसं कळलं. आणि कसला पोर घडवलाय मी, असंही वाटलं. हे मी तोंडावर सांगणार नाही, म्हणून लिहून टाकतेय.

परत येऊन झाकण उघडलं, तर भाताचं शीत न् शीत सुटं, डाळ लोण्यासारखी. मला आनंद झाला आणि जरा रागही आला. माझ्यावाचून शिजला मेला. दोघी पोटभर जेवलो.

तर कुकर तुझ्या कँपातल्या सहदेवबरोबर पाठवलाय. तो रजेवरून परत जाताना दिलेल्या शब्दाप्रमाणे घरी येऊन गेला. डाळ आधी भिजत घाल. निखारे लाल झाल्याशिवाय वाटीत ठेवू नकोस. तंबू बंद करून आत पेटवायचा नाही, दाराशी, हवेवर ठेव, कोळशाचा धूर दिसत नाही पण झोपेतच माणूस गुंगतो, हे कमळनं मुद्दाम लिहायला सांगितलंय. आणि झाकणाला हात लावायचा नाही. एकदा लावून दिलंस की सरळ दुर्बीण घेऊन निघ.

आता खरं बोलते. सहदेवला मी चहा दिला आणि विचारलं, चंदूच्या पोटाचं कसं आहे? तो बिचारा साधा, म्हणाला, "काकू, त्याचं पोट? तो माझ्या ताटातलंही खातो." मग मीच खोदून काढलं. दिवाळीत तू आलास, मी न्हाणीघरात घसरले, आणि तेव्हापासून तू रोज तंबूत म्हणतोस की आई एकटी आहे, तिथे पडली तर कुणाला कळणार. बाळा, बरोबर आहे तुझं. मलाही त्याची भीती वाटत होती, तुला सांगितली नाही एवढंच. पण त्याला उपाय म्हणून तू खुर्चीत बसून वाळायचं, हे मला मंजूर नाही. म्हणून परवाच तुझी खोली मी कमळला भाड्यानं दिली. तिची ट्रंक आली, पलंग खिडकीशी सरकवला, तुझे जुने नकाशे तिनं भिंतीवरून काढले नाहीत. ती मागच्या गॅलरीत बादलीच्या शेगडीवर बोंबील भाजते, मार्तंडराव नाक दाबून जिन्यातून वर बघत उभे राहतात, आणि मी आंघोळीला गेले की ती बाहेरून मला हाका मारते. मे महिन्यात रजा घेऊन जरूर ये, पुढच्या खोलीत गादी घालीन, आंबे ठेवीन. पण नोकरी सोडून येणार असशील तर आधीच सांगून ठेवते, मुंबईत हल्ली जागा मिळणं फार कठीण झालंय.

तुझीच,
आई